स्थितिजन्य चक्कर, उपचार आणि रुग्णाची तोलाची जाणीव : एक चिकित्सक आढावा

बीजसंज्ञा : स्थितिजन्य चक्कर, अंतर्कर्ण, एप्ली प्रक्रिया, तोलाची जाणीव, फलमापन

प्रास्ताविक

अंथरुणात कूस बदलताना, पहाटे उठून बसताना किंवा फळीवरचा डबा काढण्यासाठी मान वर करताना खोली एकाएकी गरगर फिरू लागावी, अर्ध्या-पाऊण मिनिटात ती थांबावी, आणि पुन्हा तीच हालचाल केली की पुन्हा तोच अनुभव यावा, असे या विकाराचे स्वरूप आहे. वैद्यकशास्त्र त्यास 'बिनाइन पॅरॉक्सिस्मल पोझिशनल व्हर्टिगो' असे लांबलचक नाव देते. व्यवहारात 'बीपीपीव्ही' हे संक्षिप्त रूप रूढ आहे. प्रस्तुत लेखात त्याचा उल्लेख 'स्थितिजन्य चक्कर' असा केला आहे. हा विकार दुर्मीळ नाही. जर्मनीतील लोकसंख्येवर आधारित पाहणीत (२००७) आयुष्यात केव्हातरी हा विकार होण्याचे प्रमाण २.४ टक्के आढळले. वयाबरोबर हे प्रमाण वाढते, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत ते अधिक असते.

या विकाराचे एक वैशिष्ट्य असे की, त्यावरील मुख्य उपचारास औषध लागत नाही, शस्त्रक्रियाही लागत नाही. रुग्णाचे डोके ठरावीक क्रमाने ठरावीक कोनांत फिरवले की बहुतेकांचे गरगरणे थांबते. वैद्यकातील इतक्या थोड्या खर्चाच्या आणि इतक्या जलद गुणाच्या उपचारांची संख्या फार नसावी. त्यामुळे या विषयावरील लेखनात एक प्रकारचा विजयाचा सूर आढळतो, आणि तो बराचसा रास्तही आहे. तथापि या सुरामुळे एक प्रश्न मागे पडतो. उपचारानंतर नेमके काय बरे होते? डोळ्यांची असाधारण हालचाल थांबते, फिरण्याचा भास थांबतो. पण आपण जमिनीवर नीट उभे आहोत, पाऊल टाकले तर ते आपल्याला पेलेल, हा जो भरवसा माणसाच्या ठायी असतो, तो त्याच क्षणी परत येतो काय? या प्रश्नाच्या अनुषंगाने उपलब्ध संशोधनाची चिकित्सा करणे हा या लेखाचा हेतू आहे. प्रस्तुत लेखक मानसशास्त्राचा अध्यापक आहे, वैद्यक नाही. म्हणून उपचारपद्धतीच्या तांत्रिक बाजूविषयी येथे आवश्यक तेवढेच लिहिले आहे. भर आहे तो फलमापनावर, म्हणजे 'बरे झाले' हे कोणी, कशावरून ठरवायचे यावर.

विकाराची ओळख

अंतर्कर्णात तोलाशी संबंधित दोन प्रकारच्या रचना असतात. तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याच्या फिरण्याची नोंद घेतात. युट्रिकल व सॅक्यूल या दोन पिशव्या सरळ रेषेतील गती आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा यांची नोंद घेतात. या पिशव्यांतील जेलीसारख्या पटलावर कॅल्शिअम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. यांतील काही स्फटिक निसटून नलिकेत, बहुतांश वेळा मागच्या नलिकेत, गेले की डोक्याची स्थिती बदलताच ते आपल्या वजनाने घरंगळतात, नलिकेतील द्रव ओढला जातो आणि मेंदूस 'डोके फिरत आहे' असा खोटा निरोप मिळतो. डोळे त्या निरोपावर विश्वास ठेवून हलू लागतात. यालाच नेत्रदोलन म्हणतात. मात्र हा निरोप फक्त एकाच कानाच्या एकाच नलिकेकडून आलेला असतो. दुसरा कान, डोळे, मानेचे व पायांचे स्नायू त्याला दुजोरा देत नाहीत. चक्कर ही या साक्षींमधील विसंगतीतून निर्माण होते.

ही उकल एकदम हाती आली नाही. अंतर्कर्णावरील कार्याबद्दल १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या रॉबर्ट बारानी यांनी १९२१ मध्ये या चकरेचे वर्णन केले. मार्गारेट डिक्स व चार्ल्स हॉलपाइक यांनी लंडनमध्ये १९५२ साली ती हमखास ओळखण्याची चाचणी मांडली : रुग्णास बसवून मान ४५ अंशांत वळवायची, झपकन मागे निजवायचे आणि डोळ्यांकडे पाहायचे. शुकनेख्ट यांनी १९६९ मध्ये स्फटिक नलिकेतील संवेदक पडद्याला चिकटतात असा सिद्धांत मांडला. पुढे १९७९ मध्ये ते चिकटलेले नसून द्रवात मोकळे फिरतात असा पर्यायी विचार पुढे आला. अमेरिकेतील पोर्टलंड येथील कानाचे शल्यविशारद जॉन एप्ली यांनी त्यावरून पुढचे पाऊल टाकले. स्फटिक मोकळे असतील तर डोके योग्य क्रमाने फिरवून ते नलिकेच्या वाटेने पुन्हा युट्रिकलमध्ये सोडता येतील, असे त्यांचे म्हणणे होते. नळीत अडकलेली गोटी नळी फिरवून बाहेर काढावी तसे हे साधे तर्कशास्त्र आहे. कदाचित त्या साधेपणामुळेच समव्यावसायिकांनी त्याची प्रथम थट्टा केली. एप्लींनी ही प्रक्रिया १९८० मध्ये मांडली, पण त्यांचा प्रमुख लेख प्रसिद्ध व्हायला १९९२ साल उजाडले. त्याच वर्षी पार्न्स व मॅक्ल्युअर यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी मागच्या नलिकेत असे मोकळे कण प्रत्यक्ष पाहिल्याचे नोंदवले. दरम्यान फ्रान्समध्ये सेमाँ यांची निराळी प्रक्रिया १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली होती.

या इतिहासातील एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. डिक्स-हॉलपाइक चाचणीपासून या विकाराचा पुरावा रुग्णाच्या डोळ्यांत सापडू लागला. त्यापूर्वी तो रुग्णाच्या बोलण्यात होता. निदानाच्या दृष्टीने ही फार मोठी प्रगती होती, यात शंका नाही. परंतु ज्या खुणेवरून रोग ओळखला, तिच्या नाहीशा होण्यावरूनच रोगमुक्ती ठरवायची, ही सवयही तेथूनच लागली.

यशाची व्याख्या

या सवयीचे परिणाम पाहण्यासाठी एप्ली प्रक्रियेविषयीच्या नियंत्रित प्रयोगांचा कोक्रेन आढावा हा उत्तम आधार आहे. त्याच्या २०१४ च्या आवृत्तीत ११ प्रयोग व ७४५ रुग्ण समाविष्ट आहेत. यश मोजण्याच्या दोन कसोट्या त्यात वेगवेगळ्या मांडल्या आहेत. पहिली रुग्णाची : चक्कर पूर्णपणे गेली असे रुग्ण म्हणतो का? दुसरी तपासणाऱ्याची : डिक्स-हॉलपाइक चाचणी होकारार्थी होती ती नकारार्थी झाली का? पहिल्या कसोटीविषयी ५ प्रयोगांतील २७३ रुग्णांची माहिती मिळते. दुसरीविषयी ८ प्रयोगांतील ५०७ रुग्णांची. म्हणजे डोळे किती जणांचे तपासले आणि बरे वाटते का हे किती जणांना विचारून हिशेबात घेतले, यांतच मोठी तफावत आहे. केवळ या दोन आकड्यांवरूनही संशोधकांचा कल कोणत्या बाजूस आहे ते स्पष्ट होते.

निष्कर्षांकडे पाहता, एप्ली प्रक्रिया परिणामकारक आहे हे दोन्ही कसोट्यांवर निर्विवादपणे सिद्ध होते. तरीही प्रमाण वेगळे आहे. चाचणी नकारार्थी होण्याच्या बाबतीत उपचारित गटाच्या बाजूने शक्यतांचे गुणोत्तर ९.६२ आहे, चक्कर पूर्ण गेल्याच्या बाबतीत ते ४.४२ आहे. हे दोन आकडे वेगवेगळ्या प्रयोगसंचांतून आलेले असल्याने त्यांची सरळ तुलना करून 'डोळा रुग्णाच्या दुप्पट बरा होतो' असे म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे ठरेल. पण त्याच आढाव्यातील दुसरी नोंद अधिक बोलकी आहे. नियंत्रण गटात, म्हणजे ज्यांच्यावर केवळ लुटुपुटीची प्रक्रिया केली वा काहीच केले नाही त्यांच्यात, २१ टक्के रुग्णांची चक्कर पूर्ण गेली. एप्ली गटात हे प्रमाण ५६ टक्क्यांवर पोहोचले. वाढ भरघोस आहे. मात्र उरलेले ४४ टक्के कोण? त्यांतील काहींच्या बाबतीत प्रक्रिया खरोखरच अयशस्वी झाली असणार, काहींच्या पाठपुराव्याचा अवधी अपुरा असणार. पण ज्यांची चाचणी नकारार्थी झाली आणि तरीही 'पूर्ण बरे वाटत नाही' असे जे म्हणतात, अशांचा एक गट या आकड्यांच्या पोटात दडलेला आहे. बहुतेक प्रयोगांनी त्याची निराळी नोंद ठेवलेली नाही, कारण तशी नोंद ठेवण्याचा प्रश्नच त्यांना पडलेला नव्हता.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे प्राप्त आहे. रुग्णाचे म्हणणे व्यक्तिनिष्ठ असते आणि शास्त्राला वस्तुनिष्ठ खूण हवी असते, असे यावर म्हटले जाईल. हा आक्षेप निदानाच्या टप्प्यावर रास्त आहे. न्यूमन-टोकर व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवून दिले की, तातडीच्या सेवेत आलेल्या रुग्णांना आपल्या चकरेचा प्रकार निवडायला सांगितला आणि काही मिनिटांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर निम्म्याहून अधिकांचे उत्तर बदलते. 'कधी येते, किती वेळ टिकते, कशाने सुरू होते' यांची उत्तरे त्या मानाने भरवशाची असतात. म्हणून केवळ शब्दांवरून निदान करू नये हे मान्यच करावे लागते. परंतु उपचारानंतर ज्याचे मापन करायचे आहे ती गोष्टच जर जाणीव असेल, तर तिला वगळून केलेले मापन काटेकोर असले तरी ते दुसऱ्याच गोष्टीचे मापन होय.

फलकावर उभा केलेला रुग्ण

जाणीव ही अशी निसरडी, म्हणून काही संशोधकांनी तोल यंत्राने मोजण्याचा मार्ग स्वीकारला. नोंद घेणाऱ्या फलकावर रुग्णास उभे करून त्याच्या शरीराचे डोलणे मोजणारी ही पद्धत 'पॉश्चुरोग्राफी' या नावाने ओळखली जाते. तिच्या प्रगत प्रकारात सहा स्थिती असतात : डोळे उघडे, डोळे मिटलेले, सभोवतालची भिंत डोलण्याबरोबर हलणारी, आणि हेच तीन प्रकार फलक हलता ठेवून. शेवटच्या दोन स्थितींत डोळे व पाय या दोन्ही साक्षीदारांना निकामी केले जाते आणि केवळ अंतर्कर्णाच्या भरवशावर माणूस किती उभा राहू शकतो हे पाहिले जाते. स्थितिजन्य चक्कर असलेल्यांवर या पद्धतीने उपचारापूर्वी व उपचारानंतर केलेले अभ्यास १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून प्रसिद्ध होत आले आहेत. त्यांचा एकंदर आशय असा की, प्रक्रियेनंतर शरीराचे डोलणे कमी होते. मात्र सर्वांच्या बाबतीत, सर्व स्थितींत आणि लगेच ते निरोगी माणसाच्या पातळीवर येतेच असे नाही.

हे निष्कर्ष मोलाचे आहेत. तरीही या पद्धतीची एक मर्यादा तिच्या वापरकर्त्यांनी पुरेशी लक्षात घेतलेली दिसत नाही. फलकावरील रुग्ण ताठ, समोर पाहत, मान स्थिर ठेवून उभा असतो. हा विकार तर मान हलवल्यावर प्रकट होतो. नळाखाली बादली लावताना वाकणे, दोरीवर धुणे वाळत घालताना वर पाहणे, रस्ता ओलांडताना मागून येणाऱ्या वाहनाचा अंदाज घेण्यासाठी झटकन मान वळवणे, या क्षणी रुग्णास तोलाची भीती वाटते. या क्षणांपैकी एकही फलकावर येत नाही. यंत्र जे मोजते ते खरे असते, परंतु रुग्ण ज्याला घाबरतो ते यंत्रापुढे घडतच नाही. शिवाय ज्या दोन चकरांच्या मधल्या काळात नलिकेतील स्फटिक निश्चल असतात, त्या काळातही डोलणे वाढलेले का असावे, हा मूळ प्रश्न पॉश्चुरोग्राफीने उपस्थित केला खरा. त्याचे उत्तर मात्र तिच्याकडून मिळण्यासारखे नाही.

उरलेली अस्वस्थता

हा प्रश्न थेट हाताळणाऱ्या अभ्यासांत २००८ साली दक्षिण कोरियातून प्रसिद्ध झालेला सोक व सहकाऱ्यांचा लेख महत्त्वाचा आहे. त्यांनी फक्त यशस्वी उपचार झालेले, म्हणजे नेत्रदोलन व फिरण्याचा भास दोन्ही थांबलेले, ४९ रुग्ण निवडले आणि त्यांना पुढे काय वाटते ते विचारले. त्यांतील ३० जणांनी, म्हणजे ६१ टक्क्यांनी, काही ना काही अस्वस्थता शिल्लक असल्याचे सांगितले. ही अस्वस्थता गरगरण्याची नव्हती. डोके हलके वाटणे, चालताना किंचित डोलल्यासारखे वाटणे, असे तिचे अस्पष्ट रूप होते. उपचारापूर्वी विकार ज्यांनी अधिक काळ सोसला होता त्यांच्यात ती अधिक आढळली. ४९ ही संख्या लहान आहे, आणि नंतरच्या निरनिराळ्या अभ्यासांत हे प्रमाण बरेच कमी-अधिक आढळते. पण या अभ्यासाचे महत्त्व त्याच्या आकड्यापेक्षा रचनेत आहे. जेथे इतरांचा पाठपुरावा संपतो तेथून त्यांनी सुरुवात केली. या अवस्थेला आता 'अवशिष्ट चक्कर' असे नाव मिळाले आहे. नाव फारसे समर्पक नाही, कारण त्यात चक्कर नसते.

तिची कारणे कोणती असावीत याबद्दल एकमत नाही. काही कण नलिकेत शिल्लक राहतात, पण नेत्रदोलन घडवण्याइतके ते नसतात, असे एक मत आहे. दुसरे मत युट्रिकलकडे बोट दाखवते : स्फटिक निसटले याचा अर्थ ती पिशवीच काही प्रमाणात बिघडलेली होती, आणि नलिका मोकळी केल्याने पिशवी दुरुस्त होत नाही. गुरुत्वाकर्षणाची दिशा सांगणारा साक्षीदारच थकलेला असल्यास दोन चकरांच्या मधल्या काळातील डोलण्याचाही उलगडा होतो. तिसरे मत मेंदूच्या अनुकूलनाचे आहे. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यास ते अधिक जवळचे वाटावे हे स्वाभाविक आहे, आणि हा माझा पक्षपात मी मान्य करतो.

फोन होल्स्ट व मिटेलश्टेट यांनी १९५० मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार, आपण स्वतः हालचाल करतो तेव्हा तिच्यामुळे कोणत्या संवेदना येणार याचा अंदाज मेंदूपाशी आधीच तयार असतो. आलेली संवेदना आणि अंदाज जुळले तर जग स्थिर वाटते. स्थितिजन्य चकरेत आठवडेच्या आठवडे हा हिशेब चुकत राहतो. मान वळवली की अंदाजाबाहेरचा प्रचंड निरोप येतो. अशा वेळी मेंदू दोन गोष्टी शिकतो. एक म्हणजे त्या कानाच्या साक्षीचे वजन कमी करणे आणि डोळे व पाय यांवर अधिक विसंबणे. दुसरी म्हणजे ती हालचालच टाळणे. मग एके दिवशी काही मिनिटांत स्फटिक जागेवर जातात आणि कान खरे बोलू लागतो. पण मेंदू त्यावर विश्वास ठेवण्याचे आता विसरलेला असतो. ज्याच्या खोटेपणाचा आपण महिनाभर अनुभव घेतला, तो सुधारला म्हणून त्याच दिवशी आपण त्याच्या हाती घराच्या किल्ल्या देत नाही. विकाराचा काळ जितका लांब तितकी नंतरची अस्वस्थता अधिक, ही सोक यांची नोंद या उपपत्तीशी सुसंगत आहे. मात्र ती दुसऱ्या उपपत्तीशीही विसंगत नाही, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

भीतीचा भाग याच्याशी जोडलेला आहे. वृद्ध रुग्णांत उरलेली अस्वस्थता आणि चिंता यांचा संबंध काही अभ्यासांत दिसून आला आहे. 'मानसिक आहे' हा शिक्का मारण्यास त्यामुळे निमित्त मिळते, आणि हा शिक्का आपल्याकडे फार स्वस्त आहे. वास्तविक भीती येथे आजाराचे ढोंग करत नाही. ती आजारातून शिकलेला धडा असते. मानेचे स्नायू आवळून, पावले जवळ टाकत, खाली पाहत चालणारा माणूस स्वतःस वाचवत असतो, आणि त्याच वेळी मेंदूस पुन्हा शिकण्यासाठी लागणाऱ्या हालचालींपासून स्वतःस वंचितही ठेवत असतो. काही थोड्यांच्या बाबतीत ही सवय पक्की होते. २०१७ मध्ये जिचे निदान-निकष ठरले त्या 'सातत्याची स्थिति-संवेदनात्मक अस्थिरता' असे ढोबळमानाने म्हणता येईल अशा विकारात, तीन महिने वा त्याहून अधिक काळ हे अस्थिरपण टिकते, आणि त्याची सुरुवात अनेकदा अशाच एखाद्या अंतर्कर्णाच्या आजाराने झालेली असते.

प्रश्नावलीची भाषा

जाणिवेचे मापन करणारे सर्वाधिक वापरले जाणारे साधन म्हणजे जेकबसन व न्यूमन यांची १९९० ची 'डिझिनेस हँडिकॅप इन्व्हेंटरी' ही प्रश्नावली. तिच्यात २५ प्रश्न आहेत. प्रत्येकास होय, कधीकधी, नाही यांपैकी उत्तर द्यायचे आणि त्याला अनुक्रमे ४, २, ० गुण मिळायचे. एकूण गुण ० ते १०० असतात. शारीरिक, भावनिक व कार्यात्मक असे तीन भाग केलेले आहेत. भावनिक भागास ९ प्रश्न दिले आहेत हे तिच्या कर्त्यांच्या समंजसपणाचे लक्षण आहे. लोक आपल्याला दारू प्यायलेले समजतील काय, अशी भीतीही त्यात विचारात घेतली आहे. झोकांडी जाणाऱ्या कोणाही रुग्णास तिचे मर्म कळेल.

तथापि हे साधन अमेरिकेतील जीवनक्रमावर बेतलेले आहे. सुपरमार्केटच्या रांगांमधून चालणे, अंगणातील बागकाम, नृत्य व मेजवान्या यांविषयीचे प्रश्न आपल्या छोट्या गावातील सत्तरीच्या बाईंना विचारले तर त्यांतील निम्म्यांचे उत्तर 'नाही' असेच येईल. आणि त्या उत्तराला शून्य गुण मिळून त्या बाई कागदोपत्री अधिक निरोगी ठरतील. उलट त्या जेथे तोल सांभाळून वावरतात ती ठिकाणे प्रश्नावलीत नाहीत. जमिनीवर घातलेल्या अंथरुणातून हाताचा आधार न घेता उठणे, उकिडवे बसून उठणे, केर काढताना वाकणे, मोठ्यांच्या पाया पडणे, एसटीच्या उंच पायऱ्या चढणे, अंधारात मोरीकडे जाणे, हे आपले तोलाचे प्रसंग आहेत. अशा साधनाचे मराठी रूप करताना शब्दांचा अनुवाद पुरेसा होणार नाही. प्रसंगच बदलावे लागतील, आणि प्रसंग बदलले की साधनाची प्रमाणता नव्याने तपासावी लागेल. हे काम कष्टाचे आहे, परंतु मानसशास्त्र, भौतिकोपचार व भाषा या तिन्ही विभागांच्या अध्यापकांनी एकत्र येऊन करण्याजोगे आहे.

शब्दांच्या बाबतीत मात्र मराठीची बाजू भक्कम आहे. गरगरणे, भोवळ येणे, घेरी येणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, झोक जाणे, तोल जाणे, डोके हलके होणे, तरंगल्यासारखे वाटणे, यांतील प्रत्येक शब्दाचा अनुभव निराळा आहे. अंधारी आणि गरगरणे यांची सरमिसळ खेड्यातील निरक्षर वृद्धाही सहसा करत नाही. ही सारी संपत्ती केसपेपरवर पोहोचेपर्यंत 'चक्कर' या एका शब्दात आटून जाते, कारण प्रश्नच 'चक्कर येते का?' असा विचारलेला असतो. बारानी यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००९ मध्ये लक्षणांचे वर्गीकरण करताना फिरण्याचा भास, अवकाशाच्या जाणिवेतील गोंधळ, दृष्टीशी निगडित लक्षणे आणि उभे राहण्या-चालण्यातील अस्थिरता अशी चार दालने केली. मराठी रुग्ण ती दालने बोलण्यात आधीपासूनच वापरतो आहे. वर न्यूमन-टोकर यांच्या आधारे दिलेला इशारा येथेही लागू आहे : या शब्दांवरून निदान करू नये. पण आधी गरगरत होते आणि आता तरंगल्यासारखे वाटते, हा एकाच रुग्णाच्या बोलण्यातील बदल उपचाराच्या परिणामाविषयी चाचणीला न कळणारे काहीतरी सांगतो.

उपचारानंतरचे सांगणे

माझ्या परिचयातील एका निवृत्त शिक्षिकेस हा विकार झाला. आरंभी कित्येक आठवडे 'मानेचा त्रास' म्हणून पट्टा व गोळ्या चालू होत्या. आपल्याकडे हे नित्याचेच आहे. नंतर एका तज्ज्ञांनी अचूक निदान करून एप्ली प्रक्रिया केली, चाचणी पुन्हा केली, ती नकारार्थी आली आणि ते प्रसन्नपणे म्हणाले, "बाई, आता तुम्ही ठणठणीत बऱ्या झालात." त्या घरी आल्या आणि पुढचे तीन आठवडे भिंतीला हात लावून चालत राहिल्या. गरगरत नव्हते. पण पाय आपले वाटत नव्हते. डॉक्टर बरे म्हणाले असताना तक्रार कशी करावी, या संकोचाने त्यांनी हे कोणालाच सांगितले नाही. सुनेला वाटले, सासूबाईंनी आजार मनाला लावून घेतला आहे. त्यांच्या दृष्टीने आजाराचा सर्वात वाईट काळ हाच होता, गरगरण्याचा नव्हे. त्या तज्ज्ञांनी उपचारात काहीही चूक केलेली नव्हती. त्यांनी केवळ एक वाक्य अपुरे सोडले होते.

अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व २०१७ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचना या बाबतीत बऱ्याच समतोल आहेत. चकरेच्या गोळ्यांचा सर्रास वापर करू नये, प्रक्रियेनंतर बसून झोपण्यासारखी बंधने घालू नयेत, पडण्याचा धोका आहे का ते पाहावे आणि एका महिन्याच्या आत रुग्णास पुन्हा तपासावे, असे त्यांत सांगितले आहे. तोल-पुनर्वसनाचे व्यायाम त्यांत पर्यायी मानले आहेत. या व्यायामांची परंपरा कॉथॉर्न व कुक्सी यांच्यापासून, म्हणजे १९४० च्या दशकापासूनची आहे. येथे अतिरेक टाळणे इष्ट. उरलेली अस्वस्थता बहुतेकांत काही दिवसांत वा आठवड्यांत आपोआप ओसरते. प्रत्येक रुग्णास व्यायामवर्गाला धाडणे म्हणजे पाच मिनिटांच्या स्वस्त उपचाराला महागडे शेपूट जोडणे होईल. व्यायामांचा भर वृद्ध, पूर्वी पडलेले, दीर्घकाळ विकार सोसलेले आणि चालायला घाबरणारे यांच्यावर असावा. विशेषतः वृद्धांच्या बाबतीत हा प्रश्न गंभीर आहे. अमेरिकेतील एका शहरातील वृद्धांच्या चिकित्सालयात, अन्य कारणांसाठी आलेल्यांची मुद्दाम तपासणी केली असता ९ टक्के लोकांत निदान न झालेली स्थितिजन्य चक्कर आढळल्याची नोंद (२०००) आहे. असे लोक विकार अधिक काळ सोसतात, आणि म्हणून उपचारानंतर अधिक काळ अस्थिर राहण्याची शक्यताही त्यांच्याच बाबतीत अधिक.

महिन्याच्या आतील त्या फेरतपासणीत काय विचारावे, हा या लेखाच्या दृष्टीने कळीचा मुद्दा आहे. डिक्स-हॉलपाइक चाचणी पुन्हा करावीच, कारण विकार उलटतो. कोक्रेन आढाव्यातही उपचारानंतर तो परत येण्याचे प्रमाण ३६ टक्के दिले आहे. त्याखेरीज, अंथरुणात दोन्ही कुशींवर झोपता का, की अजून एकच कूस धरून झोपता. वरच्या फळीवरची वस्तू स्वतः काढता की दुसऱ्यास सांगता. रात्री दिवा न लावता उठता का. चालताना हात कशाला लागतो, हे चार-पाच प्रश्न विचारायला दोन मिनिटेही लागत नाहीत. आणि प्रक्रिया झाल्या दिवशी निरोप देताना, गरगरणे थांबले आहे, पाय काही दिवस परके वाटतील, तरीही मान मोकळेपणाने हलवत राहा, असे सांगायला त्याहूनही कमी वेळ लागतो. वर उल्लेखिलेल्या शिक्षिकाबाईंना हे वाक्य तीन आठवड्यांनी, दुसऱ्याच एका कारणाने भेटलेल्या भौतिकोपचार तज्ज्ञाकडून ऐकायला मिळाले. त्यानंतर चारच दिवसांनी त्यांनी गच्चीवरच्या दोरीवर स्वतः धुणे वाळत घातले, असे त्यांच्या सुनेने मला सांगितले.